प्रोबेशन रद्द झालं (टेक्सस) : ड्यू प्रोसेसच्या मुद्द्यावर अपील कितपत टिकतं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून काउंटी, वकील वगैरेंची नावं मुद्दाम देत नाही.

माझा भाचा डॅलसच्या बाजूला असतो, एच-१बीवर. गेल्या वर्षी ऑफिसच्या पार्टीवरून येताना डीडब्ल्यूआयमध्ये, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. अल्कोहोल ०.१५ च्या वर निघालं, म्हणजे क्लास ए मिस्डिमीनर (किरकोळ गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग). वर्षाची कैद, पण ती स्थगित ठेवून प्रोबेशन मिळालं. अटी नेहमीच्याच: दारू बंद, समाजसेवेचे तास, दरमहा फी, दरमहा ऑफिसरकडे हजेरी आणि गाडीला इंटरलॉक. फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही ते यंत्र.

दोन वेळा सकाळी यंत्राने 'फेल' दाखवलं. दोन्ही वेळी थोड्या वेळाने पुन्हा फुंकर मारली तर स्वच्छ. हा म्हणतो प्यायलो नव्हतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण ऑफिसरने मोशन टू रिव्होक, म्हणजे प्रोबेशन रद्द करण्याचा अर्ज लावला. सुनावणीत यंत्राच्या कंपनीचा छापील रिपोर्ट दाखवला. कंपनीचं कुणीही आलं नाही. यंत्र शेवटचं कधी तपासलं, असं कुणाला विचारायची सोयच नव्हती. जजने तो कागद ग्राह्य धरला, प्रोबेशन रद्द केलं आणि अख्खं वर्ष दिलं. सगळा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपला. पोरगा सध्या काउंटी जेलमध्ये आहे.

ज्याच्या कागदावर माणूस आत गेला त्याला एक प्रश्नही विचारता येत नाही, ही कसली ड्यू प्रोसेस, म्हणजे घटनेने दिलेली न्याय्य प्रक्रियेची हमी? या मुद्द्यावर अपील करता येतं का? कुणाला अनुभव आहे का? ताई सांगलीहून रोज फोन करते आणि मला तिला काय सांगावं कळत नाही.

तात्या_टेक्सन

आधी डेस्कटॉप बंद करा आणि वकिलाला फोन लावा. मग इथे या, आम्ही आहोतच फुकट सल्ले द्यायला.

ऑस्टिनकर

मी वकील नाही. फौजदारी अपिलं चालवणाऱ्या ऑफिसात पॅरालीगल आहे, त्यामुळे कागद रोज बघते. हे कायदेशीर सल्ला म्हणून धरू नका.

आधी तारीख सांभाळा, बाकी तत्त्वज्ञान नंतर. टेक्ससात कोर्टात शिक्षा सुनावल्यापासून ३० दिवसांत नोटीस ऑफ अपील दाखल व्हावी लागते. त्याच ३० दिवसांत मोशन फॉर न्यू ट्रायल (पुन्हा सुनावणी घ्या, असा त्याच कोर्टाकडे अर्ज) दिली तर नोटिशीची मुदत ९० दिवसांवर जाते. ही नोटीस म्हणजे एक-दोन ओळींचा कागद असतो, त्यात कारणं लिहावी लागत नाहीत. पण तो वेळेत गेला नाही तर सोन्यासारखा मुद्दाही मातीमोल.

केस मिस्डिमीनर आहे हे त्यातल्या त्यात बरं. अपील चालू असताना वाजवी जामीन मिळण्याचा हक्क टेक्ससच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४.०४ मध्ये आहे, वकिलाला तो लगेच मागायला सांगा. इथली अपिलं वर्ष-वर्ष चालतात. जामीन नसेल तर हा शिक्षा भोगून बाहेर येईल आणि निकाल मागाहून येईल. मात्र एच-१बीवाला आहे म्हणताय, तर जामीन भरण्याआधी इमिग्रेशनचं डीटेनर लागलंय का ते बघून घ्या. लागलं असेल तर इकडून सुटून तिकडे अडकेल.

आता मला दोन गोष्टी सांगा. प्रोबेशन रद्द करण्यासाठी मोशनमध्ये नक्की किती उल्लंघनं लिहिली होती? आणि प्रत्येकाला भाच्याने 'ट्रू' (कबूल) म्हटलं की 'नॉट ट्रू' (नाकबूल)?

रोखठोक

कुणाला आवडो न आवडो, पण ०.१५ च्या वर दारू पिऊन गाडी चालवली होती. त्या रात्री समोर कुणाचं पोर असतं तर? प्रोबेशन ही सवलत होती. सवलत सांभाळता आली नाही की ती जाते. त्यात घटना कुठून आली?

मृण्मयी_एस

@रोखठोक, "सवलत आहे, मग कसला हक्क" हा युक्तिवाद अमेरिकेत १९७२ पर्यंत चालायचा, आता नाही चालत.

आयोवामधला मॉरिसी नावाचा माणूस खोट्या चेकच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पॅरोलवर बाहेर होता. पॅरोल ऑफिसरने रिपोर्ट लिहिला, बोर्डाने तो वाचला आणि याला परत आत टाकलं. सुनावणीच नाही. सुप्रीम कोर्टाने मॉरिसी विरुद्ध ब्रूअर मध्ये म्हटलं की याला हक्क म्हणा की सवलत म्हणा, माणूस बाहेर राहतो, कामाला जातो, बायकामुलांत असतो. ते काढून घ्यायचं तर काहीतरी रीत पाहिजे. मग ती रीतही सांगितली. आरोप लेखी द्या, पुरावा दाखवा, त्याला स्वतः बोलू द्या आणि साक्षी-पुरावा आणू द्या, विरोधातल्या साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या, निर्णय देणारा तटस्थ असू द्या आणि कशाच्या आधारावर निर्णय घेतला ते लेखी सांगा. पुढच्याच वर्षी गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली मध्ये हेच प्रोबेशनलाही लावलं.

म्हणजे कृष्णाकाठ यांचा प्रश्न बरोबर जागी आहे. पण साक्षीदाराला प्रश्न विचारायच्या हक्काला मॉरिसीतच एक खुंटी ठोकून ठेवली आहे. सुनावणी घेणाऱ्याला 'योग्य कारण' दिसलं आणि त्याने तसं नमूद केलं तर साक्षीदाराशिवायही चालतं. मूळ खटल्यातला उलटतपासणीचा हक्क सहाव्या घटनादुरुस्तीतून येतो, तो रिव्होकेशनला लागू नाही असंच बहुतेक कोर्टं म्हणतात. उरतो तो ड्यू प्रोसेसमधला धाकटा भाऊ.

शिवाय ज्युरी नाही, आणि 'संशयापलीकडे' सिद्ध करायची गरजही नाही. खोट्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं जजला वाटलं की पुरे.

तात्या_टेक्सन

म्हणजे ५१ टक्क्यांनी पास. आमच्या वेळी ३५ ला होतं.

कृष्णाकाठ

@ऑस्टिनकर, मोशनची प्रत काल मिळाली. तीन आरोप आहेत. पहिला इंटरलॉक, दुसरा समाजसेवेचे तास मुदतीत भरले नाहीत, तिसरा दोन महिन्यांची फी थकली. इंटरलॉकला तो 'नॉट ट्रू' म्हणाला. तासांच्या बाबतीत वकील म्हणाला की हे रेकॉर्डवरच आहे, 'ट्रू' म्हण, जज प्रामाणिकपणा बघतो. म्हणून तिथे 'ट्रू' म्हटलं. फीला 'नॉट ट्रू', कारण त्याने नंतर भरली होती.

जजने तिन्ही 'ट्रू' ठरवले.

ऑस्टिनकर

हं. हीच भीती होती.

टेक्ससात एक उल्लंघन सिद्ध झालं तरी प्रोबेशन रद्द व्हायला पुरतं, आणि स्वतःच्या तोंडचं 'ट्रू' हाच त्याचा पुरावा. अपील कोर्ट काय करेल सांगते. यंत्राचा रिपोर्ट चुकीचा घेतला असं मान्य करून पुढे म्हणेल, "असो, समाजसेवेचं उल्लंघन कबूलच आहे," आणि पहिल्या आरोपाकडे बघणारही नाही. असे निकाल आमच्या ऑफिसात ढिगाने येतात. आरोपी पक्ष एका आरोपावर पानंच्या पानं लिहितो आणि कोर्ट उरलेल्या एकावर निकाल कायम करतं.

दुसरं असं की वकिलाने त्या रिपोर्टला हरकत कोणत्या शब्दांत घेतली? नुसतं 'हिअरसे' (ऐकीव पुरावा) म्हणाला असेल तर साक्षीदाराला प्रश्न विचारायचा घटनात्मक मुद्दा राखला गेला नाही असं टेक्ससची कोर्टं धरतात. 'साक्षीदार समोर नाही, त्याला प्रश्न विचारण्याचा माझ्या अशिलाचा ड्यू प्रोसेसचा हक्क डावलला जातोय' हे तिथल्या तिथे बोलावं लागतं आणि जजकडून त्यावर होय किंवा नाही घ्यावं लागतं. कंपनीने रिपोर्टसोबत रेकॉर्ड सांभाळणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं का तेही बघा. ते नियमाप्रमाणे आधी दिलेलं असेल तर माणूस न येताही कागद आत येतो.

बे_एरिया_बंड्या

आमच्याकडे कॅलिफोर्नियात एका ओळखीच्याने अपील केलं होतं. साठ दिवस मिळाले होते, तुम्ही तीस म्हणताय ते तपासा.

मृण्मयी_एस

@बंड्या, कॅलिफोर्नियात फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) ६० आणि मिस्डिमीनरला ३०. फेडरल केसला तर १४ च दिवस. ज्या कोर्टाची केस त्या कोर्टाचं घड्याळ. दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या अनुभवावर मुदत ठरवू नका, ही धाग्यावर सगळ्यांनाच विनंती.

चिंगी

मुळात सकाळी सकाळी यंत्र फेल का गेलं असेल? माऊथवॉश?

कृष्णाकाठ

@चिंगी, दोन शक्यता आहेत. माऊथवॉश तो वापरतोच. शिवाय ताईने पाठवलेल्या डब्यात द्राक्षासवाची बाटली होती, सर्दी-खोकल्यासाठी. आमच्याकडे लहानपणापासून सगळे घेतात. त्या आठवड्यात तो सकाळी दोन-दोन चमचे घेत होता.

तात्या_टेक्सन

द्राक्षासवाने गेला! आमच्या आजोबांना तर मग जन्मठेप झाली असती.

रोखठोक

हसण्यावारी नेऊ नका. आसव-अरिष्टं आंबवून करतात, अल्कोहोल त्यात आपोआप तयार होतं आणि बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. अट 'दारू पिऊ नये' अशी आहे की 'अल्कोहोल असलेलं काहीही घेऊ नये' अशी? दुसरी असेल तर यंत्र बरोबर आणि भाचा चूक. ज्या साक्षीदाराला बोलवा बोलवा म्हणताय, त्याला बोलावलंत तर तो हेच सिद्ध करून जाईल.

चिंगी

रोखठोकशी कधी नव्हे ते सहमत आहे. स्क्रीनशॉट घेऊन ठेवते.

ऑस्टिनकर

रोखठोक यांचा मुद्दा चांगला आहे, अटीची भाषा बघायलाच हवी. पण तोंडातलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं, रक्तातलं जात नाही. फेलनंतर थोड्या वेळाने स्वच्छ आलं असेल तर तो पिऊन आला नव्हता हे दाखवायला यंत्राचीच नोंद कामाला येते. त्या रिपोर्टमध्ये प्रत्येक फुंकरीची वेळ आणि आकडा असतो, बऱ्याच यंत्रांत फोटोही. ऑफिसरने सगळी नोंद दिली की फक्त दोन 'फेल'च्या ओळी? अर्धीच दिली असेल तर पुरावा दाखवण्याचा मुद्दा येतो. तरीही तासांचा 'ट्रू' मानगुटीवर आहेच.

निवृत्त_नाना

अवांतर होईल, पण ड्यू प्रोसेस हा शब्द वाचला की हात शिवशिवतात.

आपल्या घटनेत हा शब्द येता येता राहिला. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि 'ड्यू प्रोसेस' गळून त्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा आणला, तेव्हा जे गेलं त्याची ही भरपाई आहे असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा, हे त्या भरपाईतलं. आणि १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कार्यपद्धती नुसती असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. समोरच्या दाराने नाकारलेला पाहुणा मागच्या दाराने येऊन जेवायला बसला.

वकीलीणबाई

नानांच्या मागोमाग मीही अवांतर. मी कोल्हापुरात फौजदारी बाजू बघते. आपल्याकडेही १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतात, जास्तीत जास्त तीन वर्षं. अट मोडली असा रिपोर्ट आला की कलम ९ खाली कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढतं, म्हणणं ऐकून घेतं, आणि मग मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पण पहिलीच चूक असेल तर बाँड चालू ठेवून दंड करायची मुभा आहे. दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत.

कायदा झाला तेव्हा पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आकडा तोच राहिला.

तात्या_टेक्सन

पन्नास रुपये! @कृष्णाकाठ, केस सांगलीला वर्ग करता येते का बघा. हलके घ्या.

रोखठोक

मग आपल्याकडे प्रोबेशन रद्द झालेली माणसं कुठे दिसत का नाहीत?

वकीलीणबाई

कारण मुळात देतात कमी, आणि दिलं तरी मागे लक्ष ठेवायला माणसं नाहीत. अमेरिकेत लक्ष ठेवणारे जास्त, म्हणून सापडणारेही जास्त. कुठलं बरं ते तुम्ही ठरवा. माझ्या एका अशिलाला परिवीक्षा अधिकारी नक्की कोण हे तीन वर्षांत कळलं नाही. बाँड सुखरूप पार पडला.

पिट्सबर्गची_पोर

आमच्या पेनसिल्वेनियातला रॅपर मीक मिलचा प्रकार आठवतोय का कुणाला? २००८ ची केस, प्रोबेशन संपतच नव्हतं, २०१७ मध्ये त्याच जजने दोन ते चार वर्षं सुनावली, आणि ज्या अटकांवरून प्रकरण पुन्हा उभं राहिलं त्यातली एक न्यूयॉर्कमध्ये मोटरसायकलचं पुढचं चाक उचलल्याची. २०१८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जामिनावर सोडलं, २०१९ मध्ये मूळ दोषसिद्धीच उलटली. पैसा आणि नाव होतं म्हणून एवढं तरी झालं.

मृण्मयी_एस

पैशावरून आठवलं. कृष्णाकाठ यांच्या मोशनमध्ये फीचा आरोप आहे ना, त्याची मुळं जॉर्जियातल्या बेअर्डनच्या केसमध्ये आहेत. १९८० मधली गोष्ट. या माणसाला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई या अटींवर प्रोबेशन मिळालं. आईवडिलांकडून उसने घेऊन पहिले २०० भरले. मग कार्पेटच्या गिरणीतली नोकरी गेली. शाळा नववीपर्यंत, वाचता येत नाही, दुसरं काम मिळेना. त्याने आपणहून ऑफिसला कळवलं की पुढचा हप्ता उशिरा येईल. प्रोबेशन रद्द करून आत टाकलं. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की का भरले नाहीत हे विचारल्याशिवाय असं करता येणार नाही. जाणूनबुजून टाळलं की नव्हतेच, आणि नव्हते तर दुसरी काही शिक्षा पुरेल का, हे बघावंच लागेल.

मला हा निकाल मॉरिसीपेक्षा जवळचा वाटतो. मॉरिसीत यादी आहे, यात माणूस दिसतो.

ऑस्टिनकर

टेक्ससने ते कायद्यातच लिहिलंय. थकलेल्या फीवरून रद्द करायचं तर याला भरणं शक्य होतं हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं. अर्थात एच-१बीचा पगार घेणाऱ्याने हा मुद्दा काढला तर सरकारी वकील पे-स्टब (पगाराची पावती) हातात घेऊन उभा राहील.

बे_एरिया_बंड्या

अपील अपील करताय, पण हे म्हणजे क्रिकेटमधलं अपील नव्हे ना, की ओरडलं की अंपायरने बघायलाच पाहिजे?

ऑस्टिनकर

@बंड्या, उपमा बरोबर जागी आणलीत, थोडी पुढे नेते. रिव्होकेशनच्या अपिलात डीआरएस आहे, पण बहुतेक सगळे चेंडू 'अंपायर्स कॉल' मध्ये जातात. खालच्या जजने दोन शक्यतांपैकी एक निवडली आणि ती अगदीच बेताल नसेल, तर वरचं कोर्ट हात लावत नाही. त्यांना वेगळं वाटलं असतं, एवढ्याने निकाल फिरत नाही.

फिरतात ते कुठले? रद्द करायचा आधारच कायद्यात बसत नाही ते. २०१२ चा लेनर्डचा निकाल घ्या. उपचाराच्या कार्यक्रमातून काढलं म्हणून प्रोबेशन गेलं, आणि काढलं कशावरून तर लाय डिटेक्टरवरून. लाय डिटेक्टर टेक्ससात पुरावाच नाही. कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्समध्ये, म्हणजे टेक्ससच्या फौजदारी केसेसच्या सर्वोच्च कोर्टात तो जिंकला.

ह्यूस्टनची_हंसा

इमिग्रेशनचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, आमच्या घरात हे झालंय.

साध्या डीडब्ल्यूआयमुळे देशाबाहेर काढत नाहीत सहसा. लिओकल केसमध्ये २००४ ला सुप्रीम कोर्टाने अशा गुन्ह्याला 'हिंसेचा गुन्हा' म्हणायला नकार दिला होता. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. डीडब्ल्यूआयच्या अटकेवरून पासपोर्टातला व्हिसा रद्द झाल्याचं ईमेल येतं, आमच्याकडे आलं होतं. पुन्हा भारतात गेलं की स्टँपिंगला (पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला) वैद्यकीय तपासणी वगैरे सगळं नव्याने. आणि आता तो आत आहे म्हणजे कामावर नाही. कंपनीने काढलं तर साठ दिवसांचा काटा सुरू होतो, तेवढ्यात नवी नोकरी नाहीतर देश सोडा.

इथे चोरीच्या केसवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. इमिग्रेशनच्या हिशोबात स्थगित ठेवलेली कैदही कैदच धरतात, आणि चोरीला वर्षाची शिक्षा लागली की प्रकरण फार वरच्या पायरीवर जातं. प्रोबेशन रद्द करताना वाढलेली शिक्षाही त्यात मोजतात. म्हणून फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील यांना एकमेकांशी बोलायला लावा. आमचे दोघे एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते सगळं झाल्यावर.

रोखठोक

इतकं सगळं वाचल्यावरही माझं मत तेच. तास भरायचे होते, भरले नाहीत. जज लोक उगाच अख्खं वर्ष देत नाहीत.

कृष्णाकाठ

@रोखठोक, या जजचं तसं नाही. प्रोबेशन देतानाच त्याने भाच्याला दम भरला होता. "परत माझ्यासमोर उभा राहिलास तर अख्खं वर्ष देईन, एक दिवस कमी नाही," असं काहीतरी. आणि आता दिलंही तेवढंच. वकील या वेळी सांगत होता की तास अर्धेअधिक भरले आहेत, नोकरी आहे, तर जज म्हणाला, "आपलं बोलणं आधीच झालंय."

ऑस्टिनकर

थांबा थांबा थांबा. हे आत्ता सांगताय?

ऑस्टिनकर

सविस्तर लिहिते. मघाशी घाईत होते.

टेक्ससात ड्यू प्रोसेसचा एक स्वतंत्र मुद्दा आहे, त्याचा यंत्राशी काही संबंध नाही. शिक्षा देताना जजने कायद्याने उपलब्ध असलेली सगळी शिक्षा विचारात घेतली पाहिजे. आधीच आकडा ठरवून ठेवला आणि उल्लंघन झालं म्हणून पुरावा न बघता तोच आकडा दिला, तर ते ड्यू प्रोसेसचं उल्लंघन आहे. २००५ मध्ये एक्स पार्टे ब्राऊन मध्ये कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने यावरच दिलासा दिला. तिथेही जजने प्रोबेशन देताना आकडा सांगून ठेवला होता आणि नंतर तोच दिला.

यातली मोठी गोष्ट म्हणजे 'तासांना ट्रू म्हटलं' हे इथे आड येत नाही. 'ट्रू' ने उल्लंघन सिद्ध होतं, प्रोबेशन रद्द करणंही टिकतं. पण शिक्षा किती द्यायची हा पुढचा प्रश्न, आणि तिथे जज तटस्थ होता का हे विचारता येतं. जिंकलं तर बहुधा शिक्षेपुरतं पुन्हा ऐकून घेतलं जाईल. सुटका नव्हे, पण वर्षाचे काही महिने होऊ शकतात.

दुसरी मोठी गोष्ट अशी की त्या वेळी हरकत घेतली नव्हती म्हणून हा मुद्दा जातो असंही नाही. २०१४ च्या ग्राडो निकालात सांगितलंय की सगळी शिक्षा विचारात घेतली जाण्याचा हक्क गप्प बसल्याने जात नाही, तो स्पष्टपणे सोडावा लागतो.

आता वाईट बाजू. नुसता दम देणं म्हणजे ठरवून ठेवणं नव्हे, असे निकालही भरपूर आहेत. जजने दम दिला पण नंतर साक्ष ऐकली, प्रश्न विचारले, मग शिक्षा दिली, तर कोर्ट म्हणतं त्याने विचार केला. त्यामुळे नेमके शब्द लागतील. दोन्ही दिवसांचे, प्रोबेशन दिलं तो आणि रद्द केलं तो. कोर्ट रिपोर्टरकडून (कोर्टातलं बोलणं शब्दशः उतरवून घेणारी) दोन्हींची टिपणं मागवा. लेखी मागणी करा, आजच.

मृण्मयी_एस

ब्राऊन माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी सगळा वेळ मॉरिसीच्या यादीतल्या चौथ्या मुद्द्यावर, साक्षीदाराला प्रश्न विचारण्यावर घालवला, आणि पाचवा, तटस्थ निर्णय देणारा, समोरच होता.

तात्या_टेक्सन

म्हणजे यंत्राचा साक्षीदार राहिला बाजूला, खरा साक्षीदार स्टेनो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज नवीन, फक्त अपिलं करणाऱ्या वकीलबाईंशी बोललो. नोटीस ऑफ अपील उद्या दाखल होईल, जामिनाचा अर्जही. डीटेनर नाहीये, ते तपासलं. यंत्राच्या मुद्द्याला त्यांनी फारसा भाव दिला नाही, 'वाचून बघते' म्हणाल्या. जजचं वाक्य ऐकल्यावर मात्र वही काढली.

अडचण एक आहे. रद्द झालं त्या दिवशी रिपोर्टर होती. पण प्रोबेशन मिळालं त्या दिवशीच्या कागदांमध्ये 'रिपोर्टर नको' अशा ओळीवर भाच्याची सही आहे. गठ्ठ्यात कुठेतरी सही करून टाकलेली. म्हणजे पहिल्या दिवसाचं लेखी काहीच नाही.

वकीलीणबाई

इथे आणि तिथे काही फरक नाही हो. 'इथे सही करा, इथे करा, आणि इथे.'

रोखठोक

त्या दिवशी कोर्टात याच्यासोबत कुणी होतं का?

कृष्णाकाठ

रूममेट होता. त्यानेच गाडीने नेलं होतं. जजचं वाक्य त्यालाही आठवतंय, त्याने त्या रात्री आपल्या बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंही होतं, मराठीत.

ऑस्टिनकर

मग मोशन फॉर न्यू ट्रायल कराच, नुसत्या नोटिशीवर थांबू नका. अपील कोर्ट रेकॉर्डबाहेरचं काही बघत नाही, आणि रेकॉर्डमध्ये नवीन काही घालायची हीच एक खिडकी आहे. रूममेटचं प्रतिज्ञापत्र, भाच्याचं स्वतःचं आणि जमलं तर जुन्या वकिलाचंही. 'ट्रू' म्हणायला का सांगितलं आणि जज काय म्हणाला होता, दोन्ही त्यात येईल. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश जोडताना भाषांतर प्रमाणित करून घ्या, मोबाईलमधला मूळ संदेश पुसू नका, फोन बदलू नका.

दाखल केल्यावर दहा दिवसांत ती मोशन जजच्या नजरेला आणून सुनावणी मागावी लागते, बाईंना माहीत असेलच पण विचारून घ्या. सुनावणी त्याच जजसमोर होते, हे आधीच सांगून ठेवते. आणि या वेळी रिपोर्टर पाहिजे म्हणून लेखी द्या.

चिंगी

रूममेटच्या बायकोला अजून संदेश सापडतोय ना? तिलाही सांगा डिलीट करू नको म्हणून.

कृष्णाकाठ

लगेच फोन करतो.